तबकडी नीट फिरू द्या, मग भांडू: जपानी हेवी रॉकच्या श्रोत्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हा दोन्ही तटांना आहे. १९६९ ते १९७५ या काळात जपानमध्ये जे वजनदार, दणदणीत रॉक वाजलं त्याला सुरुवातीला तिथे ‘न्यू रॉक’ म्हणत. पन्नास वर्षं उलटली तरी त्यावरून तुमचं जमत नाही. एक तट म्हणतो की ही ब्रिटिश बँडांची नक्कल आहे आणि तीही अडखळत्या इंग्रजीत. दुसरा म्हणतो की हा जगाने दडवलेला खजिना आहे, त्यापुढे ब्लॅक सॅबथ हा ब्रिटिश बँडही फिका. नवा श्रोता या दोन्ही आवाजांमध्ये सापडतो, दोन-चार तुकडे फोनवर ऐकतो आणि कुठल्या तरी एका तटात जाऊन बसतो.

आमचं म्हणणं एवढंच की भांडा, पण रेकॉर्ड ऐकून भांडा. तुमच्या वादातली बरीच विधानं चुकीच्या वेगाने फिरणाऱ्या, कुठून उतरवली हे ठाऊक नसलेल्या आणि अर्धीच ऐकलेल्या रेकॉर्डींवर उभी आहेत. शिवाय याच रेकॉर्डींवरून त्या काळी खुद्द जपानमध्ये जो वाद पेटला होता, त्याचा तुमच्या वादात पत्ताच नसतो. तो तुमच्या वादापेक्षा जास्त धारदार होता.

नक्कल म्हणणाऱ्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांच्या हातात भक्कम पुरावा आहे. फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडची ‘एनीव्हेअर’ ऑक्टोबर १९७० मध्ये निघाली. तिच्या सुरुवातीला आणि शेवटी हार्मोनिकाचा छोटासा तुकडा आहे आणि मधली चारही गाणी परकी आहेत. ब्लॅक सॅबथची पहिली एलपी इंग्लंडात आली फेब्रुवारी १९७० मध्ये. आठ महिन्यांत तिचं शीर्षकगीत टोकियोच्या दुकानात जपानी बँडच्या नावाने उभं होतं. किंग क्रिम्झनचं ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं, तेही यांनी घेतलं. मग नक्कल म्हणणाऱ्यांना दोष कसा द्यायचा?

पण गाण्यांची लांबी बघा. ‘ब्लॅक सॅबथ’ हे मूळ गाणं सव्वासहा मिनिटांच्या आसपासचं आहे, ‘एनीव्हेअर’वर ते पावणेनऊ मिनिटांच्या घरात जातं. मडी वॉटर्स यांचं ‘लुइझियाना ब्लूज’ मुळात तीन मिनिटांच्या आत आटोपतं, इथे ते पंधरा मिनिटांच्या पुढे चालतं. वाढलेली मिनिटं कशावर खर्च झाली हे ऐकणं हे श्रोत्याचं खरं काम. आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये. बंदिश परंपरेची असते, बढत गायकाची. मारव्याची तीच बंदिश दहा जणांनी गायली म्हणून नऊ जण नक्कलखोर ठरत नाहीत. ही तुलना फार ताणू नका, रॉक म्हणजे ख्याल नव्हे. मात्र ‘दुसऱ्याचं गाणं घेतलं’ एवढ्यावर निकाल लावायचा नाही, इतकं तिच्यातून नक्की घ्या.

या परक्या गाण्यांमागे एक माणूस आणि त्याची योजना होती. युया उचिदा हे गायक १९६६ मध्ये टोकियोच्या बुदोकान सभागृहातल्या बीटल्सच्या कार्यक्रमात, बीटल्स मंचावर यायच्या आधी गायले होते. १९६७ मध्ये ते युरोपात गेले आणि जिमी हेंड्रिक्स आणि क्रीम हा बँड यांचं नवं संगीत ऐकून परतले. १९६९ मध्ये त्यांच्या ‘द फ्लॉवर्स’ने ‘चॅलेंज!’ ही रेकॉर्ड काढली, तीही जवळजवळ सगळी परक्या गाण्यांवर उभी. पुढे उचिदांनी स्वतः गाणं थांबवलं, निर्मात्याची भूमिका घेतली आणि बँड नव्याने बांधला, तोच फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड: गळा जो यामानाका, गिटार हिदेकी इशिमा, बास जुन कोझुकी, ड्रम जॉर्ज वादा. जपानबाहेर ताठ उभा राहील असा बँड त्यांना हवा होता. त्या हिशेबाने पाहिलं तर ‘एनीव्हेअर’ म्हणजे चीज घोटवून घेण्याचा काळ. आणि घोटून काय साधलं ते सहा महिन्यांत, एप्रिल १९७१ मध्ये, ‘सातोरी’त ऐकू आलं. पाच भाग, पाचही स्वतःचे.

आता खजिना म्हणणाऱ्यांकडे वळू. ‘सातोरी’ हा झेन परंपरेतला शब्द, त्याचा अर्थ बोध. एवढ्या आधारावर तुमच्यातले अनेक जण या रेकॉर्डीला पूर्वेचं अध्यात्म ठरवतात, आणि भारतीय श्रोते तर इशिमांच्या गिटारीत सरळ राग शोधायला बसतात. कृपा करून थांबा. इशिमा एक जाड आधारस्वर धरून त्याच्यावर सुरावट पुढे सरकवतात, त्यामुळे आपल्या कानाला ओळखीचं काही तरी भासतं हे खरं. पण तिथे आरोह-अवरोहाचं बंधन नाही, वादी-संवादी नाही, समयाचा विचार नाही. ब्लूजचा ढाचा आणि पौर्वात्य वाटणारे स्वर यांची ती मोठ्या आवाजातली जुळणी आहे. तिला राग म्हटल्याने तिचं काहीच वाढत नाही, उलट तिच्यातलं स्वतःचं जे आहे ते झाकलं जातं. इशिमांची भारतीय वाद्याकडची ओढ मात्र अस्सल. पुढे त्यांनी सतार आणि इलेक्ट्रिक गिटार यांचा मेळ घालून ‘सितारला’ नावाचं वाद्य घडवलं, आणि बँड पुन्हा जमल्यावर २००८ मध्ये आलेल्या ‘वुई आर हिअर’ या रेकॉर्डीत ते वाजवलं. सतारीशी खरा संबंध बघायचा असेल तर तिथे बघा.

‘दडवलेला’ हा शब्दही सोडून द्या. ‘सातोरी’ अटलांटिकच्या छापाखाली निघाली होती. १९७० च्या ओसाका एक्स्पोच्या निमित्ताने लाइटहाउस या कॅनडाच्या बँडशी ओळख झाली, तिच्यातून हे लोक टोरांटोला गेले आणि १९७२ ची ‘मेड इन जपान’ त्याच बँडच्या पॉल हॉफर्ट यांच्या हाताखाली तिथे रेकॉर्ड झाली. त्या रेकॉर्डीतलं ‘हिरोशिमा’ म्हणजे ‘सातोरी’च्या तिसऱ्या भागाचीच सुरावट, शब्द घालून. हे दोन्ही लागोपाठ ऐकून बघा. आमच्या मते शब्द आल्यावर ती सुरावट आखडते, पण याच्या उलट वाटणारे जाणते श्रोतेही आहेत, आणि हा मतभेद भांडण्याच्या लायकीचा आहे.

खजिनावाल्यांची आणखी एक खोड म्हणजे सगळं एका पिशवीत घालायची. ब्लूज क्रिएशनची १९७१ ची ‘डीमन अँड इलेव्हन चिल्ड्रेन’ ही ब्लूजच्या मुळावर वाढलेली, गिटारवादक काझुओ ताकेदा यांच्या हातावर चालणारी रेकॉर्ड आहे. त्याच वर्षीची स्पीड, ग्लू अँड शिंकीची ‘ईव्ह’ हा सर्वस्वी वेगळा प्राणी. तीन वाद्यं, ढिला आणि जड ताल, मुद्दाम अर्धवट ठेवल्यासारखी मांडणी. तिचा गायक-ड्रमर जोई स्मिथ फिलिपिनो, गिटारवादक शिंकी चेन योकोहामाचा, चिनी वंशाचा. तेव्हा ‘अडखळतं इंग्रजी’ हा आरोप इथे लागूच पडत नाही, आणि ‘जपानी आत्मा’ ही स्तुतीही लागू पडत नाही. योकोहामा हे बंदर, तिथली चिनी वस्ती आणि अमेरिकी तळ यांच्या सरमिसळीतून हा आवाज आला. जोई स्मिथ पुढे मनिलाला परतून हुआन दे ला क्रूझ बँडमध्ये वाजवू लागले, म्हणजे या रेकॉर्डीचा एक धागा फिलिपाइन्सच्या रॉकमध्ये जातो. नक्कल की खजिना या दोन खणांत ही रेकॉर्ड मावतच नाही.

आता जपानमधल्या वादाकडे येऊ. तो भाषेचा होता: रॉक जपानीत गाता येतं का? उचिदांचं मत होतं की जगापुढे जायचं तर इंग्रजी हवी आणि जपानी शब्द रॉकच्या तालावर नीट बसत नाहीत. समोर होता हॅपी एंड हा बँड, ज्याने १९७० पासून जपानीतच गायचं ठरवलं होतं. ‘न्यू म्युझिक मॅगझिन’च्या मे १९७१ च्या अंकात या विषयावर जी चर्चा छापून आली तिच्यात उचिदा होते, आणि हॅपी एंडचे ड्रमर-गीतकार ताकाशी मात्सुमोतो व गायक एइइची ओताकीही होते. हॅपी एंडचं संगीत तसं वजनदार नाही, पण हा प्रश्न प्रत्येक हेवी बँडच्या दारात उभा होता.

अडचण कशी आहे ते मराठी वाचकाला पटकन कळेल, कारण आपल्याकडे मात्रा मोजायची सवय आहे. जपानी भाषा मात्रांवर चालते. ‘वाताशि वा काझे’, म्हणजे ‘मी वारा आहे’, यात सहा अक्षरं आहेत आणि सहाही सारख्या वजनाची. आपण लिहिताना ‘वा’ दीर्घ लिहितो, पण जपानी उच्चारात ती प्रत्येकी एकच मात्रा असते. दीर्घ स्वर आला तर दोन मात्रा. ‘रॉक’ हा शब्द इंग्रजीत एका झटक्यात संपतो. जपानीत तो ‘रोक्कु’ होतो आणि त्याच्या तीन मात्रा भरतात, कारण मधल्या जोडाक्षराचा थांबासुद्धा एक मात्रा धरला जातो. इंग्रजी ओळीत एखाद्या शब्दावर जोर पडतो, बाकीचे त्याच्या आधाराने भरभर निघून जातात, आणि ड्रमचा दुसरा-चौथा ठोका त्या जोराला येऊन मिळतो. सारख्या मात्रांच्या ओळीत असा जोर आयता मिळत नाही. तो चालीतून तयार करावा लागतो: एखादी मात्रा ओढून, एखादी गिळून, किंवा ओळ ठोक्याच्या जरा आधी सुरू करून.

याची परीक्षा घेण्यासाठी एक जोडी हाताशी आहे, आणि हे पत्र वाचून एकच गोष्ट करायची झाली तर ही करा. कार्मेन माकी या गायिकेने १९७१ मध्ये ब्लूज क्रिएशनबरोबर जी रेकॉर्ड केली ती इंग्रजीत आहे. १९७५ मध्ये कार्मेन माकी अँड ओझ या तिच्या बँडची पहिली रेकॉर्ड आली, ती जपानीत. गळा तोच, मधे फक्त चार वर्षं. १९७१ च्या रेकॉर्डीतलं ‘अंडरस्टँड’ आधी लावा आणि मग १९७५ चं सुमारे अकरा मिनिटांचं ‘वाताशि वा काझे’. जपानी येत नसेल तर बोटांवर मात्रा मोजा. ती कुठे अक्षर ओढते आणि कुठे ठोक्याच्या आधी शिरते यावर खूण करा. इंग्रजीत ती ताल पाळते, जपानीत ताल तिच्या मागे येतो, असं आमचं मत. तुमचं वेगळं असेल तर कुठल्या ओळीवर ते सांगा, म्हणजे वादाला धार येईल.

जपानी गाणाऱ्यांचा हट्ट किती टोकाचा होता हे क्योतोच्या मुराहाचिबु या बँडकडे पाहून कळतं. नावाचा अर्थच गावाने वाळीत टाकणं: मयत आणि आग सोडून बाकी कुठल्याही बाबतीत शेजाऱ्यांनी संबंध ठेवायचा नाही. ५ मे १९७३ रोजी क्योतो विद्यापीठाच्या पश्चिम सभागृहात झालेला त्यांचा कार्यक्रम दुहेरी एलपीवर आहे. त्यात इंग्रजीचा आव नाही, लांब सोलोचा डौल नाही. झुनो केइसात्सु या बँडची पहिली रेकॉर्ड तर शब्दांमुळेच १९७२ मध्ये बाजारात येण्याआधी अडवली गेली. ज्यांना वाटतं की जपानी रॉकला सांगण्यासारखं काही नव्हतं, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं की काही जणांना ते सांगू दिलं गेलं नाही.

(आपल्याकडे सिमला बीट स्पर्धेतल्या बँडांच्या १९७० आणि १९७१ च्या दोन एलपी आहेत, त्यांवरही गाणी इंग्रजीतच. मराठीत रॉक गायचं म्हटलं की आजही हाच प्रश्न समोर येतो. म्हणून हा जपानी वाद आपल्याला परका वाटायचं कारण नाही.)

इथवर मतांचं झालं. आता ज्या कारणाने हे पत्र लिहायला घेतलं तिथे येतो, आणि इथे थोडं रेंगाळणार आहोत.

जपानहून जुनी टर्नटेबलं भारतात येतात आणि हौशी लोक ती मोठ्या प्रेमाने घेतात. जपानचा वीजपुरवठा १०० व्होल्टचा आहे हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच देशात दोन फ्रिक्वेन्सी आहेत हे मात्र अनेकांना माहीत नसतं. पूर्वेकडे, म्हणजे टोकियोच्या बाजूला, ५० हर्ट्झ आणि पश्चिमेकडे, ओसाकाच्या बाजूला, ६० हर्ट्झ. १८९० च्या दशकात टोकियोने जर्मन एईजीची जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकची. तो फरक अजून तसाच आहे.

ज्या टर्नटेबलची मोटर सरळ मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, फ्रिक्वेन्सीवर फिरते, म्हणजे बरीच जुनी बेल्टवाली आणि आयडलरवाली (रबरी चाकाने थाळी फिरवणारी) यंत्रं, त्यांच्या मोटरच्या दांड्यावरची पुली त्या त्या भागासाठी कापलेली असते. ओसाकाकडचं यंत्र तुमच्या घरी आलं. तुम्ही २३० वरून १०० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लावला. दिवा लागला, थाळी फिरली. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर ती थाळी पाच-षष्ठांश वेगाने फिरते: मिनिटाला ३३⅓ ऐवजी २७.८ फेरे. स्वर तीन अर्धस्वरांनी उतरतो, म्हणजे काळी पाचमधलं गाणं पांढरी पाचमध्ये ऐकू येतं. ‘सातोरी’चा सुमारे ११ मिनिटांचा चौथा भाग सव्वातेरा मिनिटं चालतो. मग कुणी म्हणतो, बँड रटाळ आहे. कुणी भारावून म्हणतो, बघा, डूम मेटल, म्हणजे संथ, जड मेटल, यांनी दहा वर्षं आधी शोधलं. दोघेही पुलीबद्दल बोलत असतात.

तपासायचं कसं? ठरावीक रेघांची स्ट्रोब तबकडी घ्या. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ३३⅓ साठी १८० रेघांचं वर्तुळ स्थिर दिसलं पाहिजे. जपानी तबकडीवर शेजारी ६० हर्ट्झसाठीचं २१६ रेघांचं वर्तुळही असतं. चुकून ते स्थिर केलंत तर पुन्हा नेमका २७.८ चाच वेग मिळतो आणि तुम्ही निर्धास्त होता. दिवा एलईडी नको. बहुतेक एलईडी मेन्सच्या तालावर लुकलुकत नाहीत, रेघा नुसत्या पुसट दिसतात. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब किंवा निऑनचा इंडिकेटर चालतो.

पुली बदलायची झाल्यास पितळेची पुली लेथवर करून मिळते. माप काढताना नेहमीची चूक होते ती बेल्टच्या जाडीची. समजा ६० हर्ट्झची पुली १० मिलिमीटरची आहे. सरळ सहा-पंचमांश पट करून १२ मिलिमीटर कापली तर वेग जवळपास एक टक्का कमी पडतो, कारण खरा व्यास पुलीचा अधिक बेल्टच्या जाडीचा असतो. बेल्ट ०.६ मिलिमीटर जाड असेल तर १०.६ ला १.२ ने गुणा, त्यातून ०.६ वजा करा, १२.१२ मिलिमीटर येतात. कारागिराला हे दोन दशांश सांगा. ०.१ ची चूकही जाणत्या कानाला बेसूर लागते. सर्व्हो मोटरवाल्या डायरेक्ट ड्राइव्ह (थाळी थेट मोटरवर बसवलेल्या) यंत्रांना ही पीडा नाही, त्यांचा वेग मेन्सच्या फ्रिक्वेन्सीवर अवलंबून नसतो. त्यांना फक्त योग्य ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तोही १०० व्होल्टचा, बाजारात सहज मिळणारा ११० चा नको. एकट्या टर्नटेबलला ५० ते १०० व्हीए क्षमतेचा पुरतो. अँप्लिफायरही जपानी असेल तर त्याच्या मागच्या पट्टीवरचे वॉट बघून दुपटीचा घ्या. फ्यूज उडाला म्हणून मोठा घालू नका, त्याची किंमत ट्रान्सफॉर्मरच्या जळक्या वासात मोजावी लागते.

‘रेकॉर्डिंगच वाईट आहे, गिटार फाटते’ ही तक्रार खास बाजूच्या शेवटी ऐकू येते. तबकडीच्या बाहेरच्या कडेला खोबणी सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ फक्त २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. ‘सातोरी’ची पहिली बाजू २३ मिनिटांची आणि तिसऱ्या भागाचा कळस नेमका आतल्या कडेला. सुई जरा तिरकी बसलेली असली किंवा वजन कमी असलं की तिथे गिटार फाटणारच. प्रोट्रॅक्टर (सुईचा कोन जुळवायची मापपट्टी) ठेवून सुई जुळवा, वजन कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, दिलेल्या मर्यादेत वरच्या टोकाकडे ठेवा. हलकी सुई रेकॉर्डीला जपते असा समज आहे. खरं तर हलकी सुई खोबणीत उडते आणि भिंती खरवडते. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या हवेत बुरशी धरते, तेव्हा वाजवण्याआधी रेकॉर्ड डिस्टिल्ड पाण्याने धुवा, आणि पीव्हीसीचं मऊ बाह्य वेष्टन काढून पॉलिथिनचं घाला. पीव्हीसी तबकडीवर धुरकट डाग सोडतं.

प्रतींबद्दल. या रेकॉर्डींच्या मूळ प्रती दुर्मीळ आणि महाग आहेत, म्हणून युरोपात परवानगीशिवाय काढलेल्या प्रती खूप फिरतात. त्यांतल्या अनेक सीडीवरून कापलेल्या असतात. ओळखायच्या खुणा: कव्हरवरची छपाई पुसट, बारीक अक्षरं भरून आलेली, हक्कधारकाच्या नावाची ओळ गायब, गाण्यांच्या शब्दांचा जपानी कागद नाही. अशा प्रतीवर ऐकून ‘आवाज टोचतो’ म्हणणं हा बँडवर अन्याय आहे. हक्कधारकाने काढलेली साधी सीडी त्याहून कितीतरी बरी. ओबी, म्हणजे कव्हरवरची कागदी पट्टी, असली की प्रत चांगलीच असते हाही गैरसमज. ओबी संग्राहकाला किंमत देते, कानाला काही देत नाही.

ले रालिझ देन्यूदे या बँडबाबत तर प्रत म्हणजेच सगळा वाद. १९६७ मध्ये क्योतोत सुरू झालेला ताकाशी मिझुतानी यांचा हा बँड. त्याच्या जुन्या बासवादकाने मार्च १९७० मधल्या जपान एअरलाइन्सच्या विमान अपहरणात भाग घेतला, आणि तेव्हापासून संगीतापेक्षा दंतकथा मोठी झाली. बहुतेक रेकॉर्डिंगं चोरट्या, कॅसेटवरून कॅसेटवर उतरवलेली. प्रत्येक उतरवणीत खर, म्हणजे मागची सरसर, वाढते, तपशील जातो. तेव्हा ‘हा नुसता गोंगाट’ म्हणणारे आणि ‘गोंगाट हेच दर्शन’ म्हणणारे, दोघेही काही अंशी कॅसेटच्या खरीला दाद देत असतात. मिझुतानींच्या हयातीत, १९९१ मध्ये, तीन सीडी अधिकृतपणे निघाल्या. त्यांतली ‘’७७ लाइव्ह’ ऐका. मार्च १९७७ मध्ये टोकियोजवळ ताचिकावाला झालेला तो कार्यक्रम. बास एकच साधी ओळ धरून बसतो आणि गिटारचा फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारीत परत शिरून उठणारा घुमारा, तिच्याभोवती फिरतो, हे तिथे स्पष्ट कळतं. त्यानंतर नावडलं तर खुशाल नावडू द्या.

शेवटी एक विनंती, तुमच्यापैकी जे एकत्र जमून रेकॉर्डी ऐकतात त्यांना. जपानमध्ये किस्सा, म्हणजे संगीत ऐकवणारी चहा-कॉफीची दुकानं, असत आणि आहेत. आयात रेकॉर्डी महाग होत्या त्या काळात कित्येकांनी नवं संगीत तिथेच ऐकलं. अनेक ठिकाणी रेकॉर्डीची पूर्ण बाजू लागायची आणि बोलायला मनाई असायची. दोन्ही तटांनी एका संध्याकाळी तसं बसावं. यंत्र तासभर आधी जोडा, वेग १८० रेघांवर तपासा. आधी कार्मेन माकीची जोडी. मग ‘ब्लॅक सॅबथ’, मूळ आणि ‘एनीव्हेअर’वरचं. तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. फोनवरचं डेसिबल मीटर अचूक नसलं तरी दोन आकडे जुळवायला पुरतं. नंतरच्या सीडी मुळापेक्षा चढ्या आवाजात असतात आणि एका डेसिबलच्या फरकानेही मोठं ते चांगलं वाटू लागतं. बसल्या जागी ८० ते ८५ डेसिबल ठेवा. त्याहून कमी आवाजात बास आणि ड्रमचं वजन कानाला पोचत नाही, आणि जास्त आवाजात दीड तास बसणं कानाला बरं नाही. लावणारा एकच असू द्या, बाकीच्यांना कव्हर दिसू नये. त्यानंतर ‘सातोरी’ची पहिली बाजू, मध्ये न उठता. दहा मिनिटं चहा. मग ‘ईव्ह’ची एक बाजू आणि मुराहाचिबुची एक. सगळं मिळून दोन तासांच्या आत बसतं.

बोलण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: कुठल्या क्षणी कान टवकारले, कुठल्या क्षणी कंटाळा आला, आणि वाजलेलं मूळ जपानी गाणं की परकं, असा आपला अंदाज. त्या चिठ्ठ्यांवर कुठली प्रत, कुठल्या यंत्रावर, कुठल्या वेगाने वाजली हेही लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या गावच्या मंडळींना तेच पुन्हा करून बघता येईल. चिठ्ठ्या वाचून झाल्या की भांडायला बसा, रात्र मोकळी ठेवूनच या.

आपले,
जपानी रॉक ऐकणारे आणि जुनी टर्नटेबलं जुळवून देणारे काही जण